अंबिकाबाईंची जागा

बोरदरा, पोस्ट खर्डा
१९ जून १९७२

पुष्पे,

माझ्याशी जन्मात बोलणार नाहीस असं तू नगरच्या एस.टी. स्टँडवर सगळ्या हमालांदेखत जाहीर केलंस. ठीक आहे. हे पत्र म्हणजे बोलणं नव्हे. वाचायचं तर वाच, नाहीतर पुण्याच्या होस्टेलातल्या बंबात घाल.

"एक वर्ष म्हणून जाणाऱ्या परत येत नाहीत," म्हणे! काय तो आवेश, काय ते डोळे! जशी काही मी संन्यास घ्यायला निघाले होते. बाबांची अट तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. आधी वर्षभर नोकरी करून दाखव, पुढच्या जूनमध्येही एम.ए.ची खुमखुमी शिल्लक राहिली तर मी स्वतः तुला पुण्याला पोचवीन, असं विष्णुपंतांनी देवाच्या पाटासमोर उभं राहून सांगितलंय. कोर्टात तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस आहे, शब्द फिरवायचा नाही. तेव्हा पुढच्या जूनमध्ये मी तुझ्या शेजारच्या कॉटवर असेन. आणि इतिहासात मला तुझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त आहेत, हे तिथल्या मास्तरांना सांगून ठेव.

आता इथली गंमत ऐक. मुलींची शाळा, चौथीपर्यंत, सगळी मिळून त्रेचाळीस डोकी आणि मास्तरीण मी एकटी. परवा आले तर शाळेच्या दारात अख्खं गाव जमलेलं. शाळेचे चेअरमन गोरक्षनाथ म्हणून आहेत, साठीचे, भला मोठा पटका बांधणारे. त्यांनी मला पाटावर बसवलं आणि पुढ्यात ताट ठेवलं. ताटात ज्वारी पसरलेली. म्हणाले, "बाई, नवी सून आली की ताटात नाव काढत्यात, तशी आमची रीत हाय. तुमच्याच बोटानं काढा."

मी 'सरो' एवढं काढलं, तर त्यांनी हलकेच हात फिरवून ज्वारी सारखी केली. "ते न्हाई. अंबिका काढा."

"अहो, माझं नाव सरोजिनी."

"हाय की. कोन न्हाई म्हनतंय? पर शाळेच्या कागदावर अंबिका हाय."

तूच सांग, काय करायचं? बायका कौतुकानं बघतायत, पोरी माना उंच करून बघतायत. म्हटलं, लग्न न करता नाव बदलून मिळतंय, घ्या. काढलं अंबिका. त्याबरोबर एका बाईनं माझ्या हातावर गूळ ठेवला आणि म्हणाली, "आलात, बरं झालं." चांगुणा तिचं नाव, माझं पाणी भरते आणि भांडी घासते. नवीन माणसाला आपण 'या' म्हणतो ना? ही 'आलात' म्हणाली, जशी मी बाजाराला जाऊन परत आले होते.

खोली शाळेला लागून आहे. खाट, कंदील, एक ट्रंक. टेबलाच्या खणात कुणाचातरी चष्मा सापडला. चांगुणेला विचारलं तर म्हणते, "तुमचाच की." वेंधळी आहे बिचारी.

रागावलीस तरी तुझीच,
सरोजिनी


२० ऑगस्ट १९७२

पुष्पे,

तुझं उत्तर नाही. नसू दे. तुझ्या नाकावरचा राग तिथल्या तिथे असल्याची खात्री झाली.

पाकिटावर नाव मात्र यापुढे 'अंबिकाबाई, कन्याशाळा' असंच घाल. बाबांचं पत्र परत जाता जाता वाचलं. खर्ड्याचा पोस्टमन आठवड्यातून दोनदा येतो, तो दारात उभा राहून मला म्हणाला, "हितं कोन सरोजिनी?" मी म्हटलं, मी. तो मागे वळून गोरक्षनाथांकडे बघायला लागला. शेवटी चांगुणेनं त्याच्या हातातलं पत्र ओढून घेतलं.

पावसाचा पत्ता नाही. पोरींचे आईबाप खर्ड्याच्या रस्त्यावर खडी फोडायला जातात, पोरी धाकटं भावंड कडेवर घेऊन शाळेत येतात. दुपारी सरकारची सुकडी, दुष्काळात वाटतात ते भाजक्या पिठाचं खाणं, मिळते म्हणून येतात, मी काही भ्रमात नाही. पण एकदा आल्या की शिकतात गं! आपल्या कॉलेजात पेंगणाऱ्या त्या बागायतदारांच्या मुलींना इथं आणून बसवलं पाहिजे.

आता नावाची भानगड. गोरक्षनाथांना मी खडसावून विचारलं, तेव्हा त्यांनी कापडात गुंडाळलेला स्टँपपेपर काढून दाखवला. ही जागा आणि मागची विहीर साळूबाई नावाच्या विधवेची. तिला मूलबाळ नव्हतं. एकोणपन्नास साली इथं पहिल्या अंबिकाबाई आल्या आणि त्यांनी साळूबाईला म्हातारपणी सही करायला शिकवलं. त्या आनंदात तिनं जागा देऊन टाकली, पण जगात तिचा विश्वास एकट्या अंबिकाबाईंवर. म्हणून लिहून ठेवलं की अंबिकाबाई या जागेत मुली शिकवतील तोवर जागा शाळेची, त्या गेल्या की भाऊबंदांची. दर गुढीपाडव्याला भाऊबंदांनी दोन साक्षीदार घेऊन यावं आणि बाई आहेत की नाहीत ते डोळ्यांनी बघून जावं. खाली वेडीवाकडी सही, साळूबाई.

मी म्हटलं, "म्हणजे बाई बदलल्या तरी नाव तेच? अहो, ही फसवणूक आहे."

गोरक्षनाथ शांतपणे म्हणाले, "फसवनूक कशी? बाई हायेत की." आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

पहिल्या अंबिकाबाई एक्कावन्नच्या पावसाळ्यात हिवतापानं वारल्या. हे मला त्या पोस्टमननं सांगितलं. बोरदऱ्यात हे वाक्य कुणी तोंडातून काढत नाही.

आणि हे ऐक. मनकर्णा नावाची बाई आहे, तिची लेक माझ्याकडे तिसरीत आहे. स्वतः तिशीची तरी असेल. काल ती लेकीला सोडायला आली आणि हसत मला हात दाखवायला लागली. "बाई, हे बगा, तुमच्या छडीचा वळ. सातचा पाढा येत नव्हता म्हनून मारलं हुतं. त्या दिशी लई राग आला हुता तुमचा."

मी म्हटलं, "मनकर्णाबाई, मी एकवीस वर्षांची आहे."

ती म्हणाली, "व्हय बाई." आणि हात तसाच पुढे धरून ठेवला. तळहातावर वळ खरंच आहे, आडवा, पांढरट. मी उगाचच त्यावरून बोट फिरवलं. मग दिवसभर माझं लक्ष लागलं नाही.

सरोजिनी


१० डिसेंबर १९७२

पुष्पे, माझी बाई,

तुझं कार्ड आलं! चार ओळी, त्यातल्या दोन शिव्या, तरी मी ते सहा वेळा वाचलं. लायब्ररीत दिवसभर बसता येतं, कुणी उठवत नाही, असं लिहिलंस ना, तिथे मला रडू आलं. माझा जीव त्या लायब्ररीत आहे गं. पुढच्या वर्षी त्या टेबलाशी बसून वाचणं, एवढंच मला हवंय. बाकी काही नको. हे मी तुला लिहून ठेवते, म्हणजे कुठेतरी लिहिलेलं असेल.

मी घाबरले आहे, पुष्पे. हसशील तर हस.

माझे डोळे बिघडलेत. दिवाळीनंतर फळ्यावरचं दिसेना. जामखेडच्या डॉक्टरांकडे जायचं म्हणत होते, तोवर चांगुणेनं खणातला तो चष्मा पुसून माझ्या हातात दिला. घातला. स्वच्छ दिसलं. नंबर इतका बरोबर कसा असेल? काड्यासुद्धा कानामागे नेमक्या बसल्या.

मग त्याच चष्म्यानं मी शाळेतले फोटो पाहिले. भिंतीवर पाच फोटो आहेत, दर चार-पाच वर्षांनी काढलेले. मध्ये खुर्चीवर अंबिकाबाई, भोवती मुली. मी आल्यापासून ते रोज बघते, पण चष्मा लावून पाहिले नव्हते. पाच बायका असणार ना? निदान तीन तरी. मला एकीचाही चेहरा दुसरीहून वेगळा काढता येईना. चष्मा, खांद्यावरून घेतलेला पदर, ओठ मिटलेले. एकसारख्या दिसतात म्हणावं तर तसंही नाही. निरखायला लागलं की चेहरा हातातून निसटतो. गेल्या महिन्यात जामखेडचा फोटोवाला येऊन आमचाही काढून गेला. तो सहावा फोटो काल लावला. आज सकाळी मी शाळा उघडली, भिंतीकडे पाहिलं आणि माझा फोटो कोणता ते मला पटकन कळलं नाही. खाली साल वाचावं लागलं.

पोस्टमनला गाठलं. "या बाई नोकरी सोडून गेल्या कुठे? किती झाल्या?"

तो म्हणाला, "चार-पाच झाल्या असत्याल. कोनी वर्षासाठी म्हनून आल्या, कोनी दोन. एक तर तुमच्यावानीच पुन्याला शिकायला जानार हुत्या."

"मग गेली का ती?"

"आता काय सांगू बाई? गेलेलं मानूस नवा पत्ता देऊन जातं, की पत्रं तिकडं पाठवा म्हनून. तसा पत्ता मला हितनं कुनी दिला न्हाई." एवढं बोलून त्यानं सायकल काढली.

गोरक्षनाथांना विचारलं. ते म्हणाले, "बाई एकच." मग त्यांना माझी दया आली असावी. हात जोडून म्हणाले, "पोरी शिकत्यात, बाई. साळूबाईच्या पुतन्याला, आसारामला, जागा गेली तर तो कडबा भरंल हितं. आमी दुसरं काय करावं?" वाईट माणूस असता तर मी भांडले असते. तो वाईट नाही, हाच तर त्रास आहे.

तुझं कार्ड उशीखाली ठेवलंय. पुष्कळ लिही. आणि आत तरी 'सरू' म्हण, पाकिटावर काही का असेना.

सरोजिनी


८ एप्रिल १९७३

पुष्पे,

पाडवा झाला. सगळं सांगते, मध्ये तोडू नकोस.

मी ठरवलं होतं की आसारामला खरं सांगायचं. आसाराम म्हणजे साळूबाईचा पुतण्या, ज्याला जागा मिळायची. हे खोटं उघडं पाडण्यात त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाचं हित नाही. तो आला, साक्षीदार घेऊन. सणाचा दिवस असूनही मुली नवे परकर घालून शाळेत ओळीनं बसलेल्या. तो मागे जाऊन मांडी घालून बसला. मी शिकवत होते आणि मनातल्या मनात जुळवत होते, 'आसाराम, मी अंबिका नव्हे, मी विष्णुपंतांची मुलगी.' इतकंच बोलायचं होतं. मग शाळा जाणार, मुली खडीवर जाणार, हेही दिसत होतं. तरी मी बोलणार होते. मला माझं नाव हवं होतं.

तास संपला. आसाराम उठून पुढे आला. माझ्याकडे नीट, डोळे बारीक करून पाहिलं. मला वाटलं, आता हा म्हणेल, ही कोण पोर? देवा, म्हणू दे, असं मी खरोखर म्हटलं.

तो साक्षीदारांना म्हणाला, "व्हय. बाईच हायेत." मग मला म्हणाला, "मागल्या साली लई खोकत हुता, बाई. आता बरं हाय का?"

आणि पुष्पे, मी म्हटलं, "हो, अडुळशानं बरं वाटलं."

मी असं का म्हटलं? गेल्या पाडव्याला मी नगरला होते, तुझ्याबरोबर श्रीखंड खात होते. मला खोकला नव्हता. पण तो विचारत होता तेव्हा मला अडुळशाचा कडवटपणा जिभेवर आला, चांगुणेनं वाटीत दिलेला, वर मधाचा थेंब. आत्ता लिहितानाही येतोय.

त्याला जागा नको होती असं नाही. जाताना विहिरीकडे असा काही बघत गेला. तरी तो खोटं बोलला नाही. त्याला मी जी दिसले तीच त्यानं सांगितली.

सुट्टीत मी घरी जाणार नाही, बाबांना कळवलंय. सुकडी मोजायला आणि वाटायला मे महिन्यातही कुणी हवं आहे. तू यावर ओरडशील. ओरड.

तुझ्या मागच्या पत्रात ऱ्हस्वदीर्घाच्या चुका फार आहेत. घाई करू नये. स्वच्छ, सावकाश लिहावं.

स.


४ जून १९७३

पुष्पे,

मागच्या पत्रात मी तुझ्या चुका काढल्या म्हणून तू रागावलीस. मला ते लिहिल्याचं आठवत नाही. तुझी शपथ, आठवत नाही.

तुझं पत्र वाचून मी दारात बसून राहिले. 'तीस जूनला प्रवेश बंद होतो. अर्ज मी आणून ठेवलाय, तुझी सही हवी. आली नाहीस तर मी येऊन तुझ्या झिंज्या धरून नेईन.' पुष्पे, तू माझी सख्खी बहीण असतीस तर याहून जास्त काय केलं असतंस? स्टँडवर मी तुला आगाऊ म्हणाले, ते मागे घेते. तू बरोबर होतीस. मी तेव्हाच यायला हवं होतं.

मी येते आहे. सोमवारी, अकरा तारखेला. ठरलं. गोरक्षनाथांना सांगून टाकलं. मला वाटलं होतं, गाव गोळा करतील, पाया पडतील. ते पटका काढून मांडीवर घेऊन बसले आणि म्हणाले, "जावा बाई. शिकायला जाताय, कशाला अडवू?" शेवगावची एक मुलगी माझ्या जागी शिकवायला येणार होती, ती येत नाही असं कळवणारं कार्ड त्यांनी मला दाखवलंसुद्धा नाही. ते मला पोस्टमनकडून कळलं.

आज जामखेडला जाऊन बाबांना तार केली, 'अकरा तारखेला निघते'. खिडकीतल्या माणसानं विचारलं, पाठवणाऱ्याचं नाव? मी नाव सांगितलं. त्यानं लिहून वाचून दाखवलं तेव्हा कळलं की मी अंबिका म्हटलं होतं. म्हटलं, थांबा, चुकलं. तो थांबला. मागे रांग. मला माझं नाव येईना, पुष्पे. कुणी ओठावर बोट ठेवावं तसं. मी वडिलांचं नाव सांगितलं, घरचा पत्ता सांगितला, अगदी कोपऱ्यावरची पिठाची गिरणीसुद्धा सांगितली. मागची बाई हसली. मग पर्समध्ये तुझं पत्र होतं, ते उघडून वरचं 'प्रिय सरू' वाचलं आणि सांगितलं.

सात दिवस आहेत. रोज सकाळी उठून शंभर वेळा लिहिणार आहे, पोरी शुद्धलेखन लिहितात तसं.

सरोजिनी
सरोजिनी
सरोजिनी


१२ जून १९७३

पुष्पे,

आले नाही. तुला काय तोंड दाखवू?

कुणी अडवलं नाही. एकीनं जरी पदर धरला असता तरी मी तो सोडवून गेले असते, इतकी मी हट्टी आहे हे तुला माहीत आहे. चांगुणेनं माझी ट्रंक डोक्यावर घेतली, खर्ड्यापर्यंत तीन मैल चालत आली, गाडीत ट्रंक ठेवून दिली आणि खाली उभी राहिली. रडलीसुद्धा नाही. मुली आल्याच नव्हत्या. त्या आईबरोबर खडीवर गेल्या होत्या, शाळा आता नाही म्हणून. मनकर्णेची लेकही गेली. तिला सातचा पाढा नुकताच यायला लागला होता.

तरीही मी बसले, खिडकीशी. नगर, मग पुणे, मग तू, मग ते टेबल, असं म्हणत बसले. कंडक्टरनं घंटी मारली.

आणि मला साळूबाई आठवली.

मी तिला पाहिलेलं नाही. ती छप्पन्न साली वारली, तेव्हा मी नगरला बालवर्गात होते. पण मला तिचा हात आठवला. माझ्या हातात तिचा हात, भेगा पडलेला, लसणाच्या वासाचा, थरथरणारा. टाक धरवत नाही म्हणून मी वरून माझी मूठ धरली होती आणि आम्ही दोघींनी मिळून 'सा' काढला. तिनं श्वास रोखून धरला होता. कागदावर आपलं नाव बघून म्हातारी अशी हसली, अशी हसली की तोंडावर पदर घेऊन भिंतीकडे वळली. मग म्हणाली, "बाई, आता तुमी जायचं न्हाई हां." मी म्हटलं, नाही जाणार.

मीच म्हटलं होतं, पुष्पे. दुसऱ्या कुणी नाही.

मी गाडी थांबवली आणि उतरले. चांगुणा तिथेच उभी होती. म्हणाली, "आलात, बरं झालं." ट्रंक उचलून पुढे चालायला लागली.

मला पुण्याला यायचं आहे. हे वाक्य अजून खरं आहे, म्हणून घाईनं लिहून टाकते. मला यायचं आहे. तू ये. तू मोठ्यानं हाक मार, गावात सगळ्यांना ऐकू जाईल अशी, आणि मी काही म्हटलं तरी ऐकू नकोस. बाबांना घेऊन ये. लवकर ये, पुष्पे, मला आता तुझा चेहरा आठवायला तुझी पत्रं काढून बसावं लागतं.


कन्याशाळा, बोरदरा
२८ जून १९७३

कु. पुष्पावती यांस,
आशीर्वाद.

आपण मंगळवारी भर उन्हात खर्ड्याहून पायी आलात आणि आपली निराशा झाली, याचं मला वाईट वाटतं. शाळा चालू होती, त्यामुळे आपल्याशी नीट बोलता आलं नाही. आपण दारातून मोठमोठ्यानं हाका मारल्यामुळे लहान मुली घाबरल्या. तरी आपण मैत्रिणीच्या काळजीपोटी तसं केलंत हे मी समजू शकते. मनात किंतु नाही.

आपणांस मी तेव्हाच सांगितलं, तेच पुन्हा लिहिते. सरोजिनी नावाच्या कोणी बाई या शाळेत नाहीत. मी इथे एकोणपन्नास सालापासून आहे, मला ठाऊक नाही असं होणार नाही. आपण मला दाखवलेली पत्रं मी चाळली. अक्षर चांगलं आहे, वळणदार. मुलगी हुशार दिसते, मात्र थोडी उतावीळ. आपण एवढं घट्ट का धरलं होतंत माझं मनगट? अजून दुखतं आहे.

आपल्याबरोबर आलेल्या वृद्ध गृहस्थांची तब्येत कशी आहे? त्यांना पाण्याचा तांब्या दिला तर त्यांनी तो खाली ठेवून माझा चष्मा काढला आणि "सरू, घरी चल, मी शब्द दिला होता," असं म्हणाले. परक्या माणसानं असं केलेलं मी चालवून घेतलं नसतं. पण त्यांनी तो चष्मा पुसून परत माझ्या हातात दिला. मला त्यांचा राग आला नाही. ते गेल्यावर पुष्कळ वेळ मला शिकवता आलं नाही, आणि मुलींना मी कधी नव्हे ते लवकर सोडलं. त्यांचा मुलीवर फार जीव असावा. त्यांना एकटं ठेवू नका.

आपण टेबलावर ठेवून गेलेला विद्यापीठाचा अर्ज सोबत परत पाठवत आहे. मी तो वाचला. इतिहासात इतके उत्तम गुण असलेल्या मुलीनं पुढे शिकलंच पाहिजे, माझ्या हातची असती तर मीच तिला पाठवलं असतं. अर्जाच्या शेवटी सहीची जागा आहे, तिथे आपण पेन्सिलीनं फुली करून ठेवली होतीत. आपण दोघांनी जाताना "नुसती सही करा, बाकी आम्ही बघू" अशी इतकी विनवणी केलीत की काल दुपारी मुली गेल्यावर मी अर्ज घेऊन बसले. दोनदा टाक शाईत बुडवला. हात कागदापर्यंत जात होता. पण दुसऱ्याच्या नावाची सही करणं मला जमलं नाही.

तीस तारखेच्या आत ती मुलगी सापडली, तर तिच्याकडून करून घ्या.

अंबिका